जयक्कानं आखलेली दरी

रोज सकाळी उठल्या उठल्या जयक्का मागच्या दारी जायची आणि ओळीनं ठेवलेल्या पिंपांवर बोटांची पेरं वाजवायची. काठापासून खाली, ठक, ठक, ठक. पोकळ आवाज जिथं भरीव व्हायचा तिथं पाणी. झाकण ती उघडायची नाही. उघडलं की धूळ जाते, डास जातात. शेवटच्या पिंपाशी क्षणभर थांबून मनाशी काही जुळवायची आणि मग आत जाऊन अप्पांना, म्हणजे वडिलांना, अंघोळीला किती पाणी द्यायचं ते ठरवायची.

हुबळीत पाणी आठवड्यानं येतं, कधी दहा दिवसांनीही. कुठल्या वारी आणि किती वाजता, हे नळ सोडणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही. म्हणून आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात कुणीतरी एक जण कायम घरी असतो. खालच्या मजल्यावरच्या मुतालिकांच्या घरात तो एक जण म्हणजे जयक्का. लॅमिंग्टन रोडच्या मागं त्यांचं घर, वर आम्ही भाड्यानं. ती कोप्पीकर रोडवर एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करायची आणि पक्षकारांच्या तारखा सांभाळायची. पाण्याचा वार जवळ आला की ऑफिसातून अर्ध्या दिवसानं घरी यायची आणि वकीलसाहेब काही म्हणायचे नाहीत, कारण त्यांच्याही घरी तेच असायचं.

तिची आई गेली तेव्हा धाकटा भाऊ सुमंत शाळेत होता. त्याचे डबे, वह्या, पहिली सायकल, नोकरीच्या मुलाखतीचा शर्ट, सगळं जयक्कानं पाहिलं. लग्न केलं नाही. त्याविषयी ती बोलत नसे आणि कुणी विचारलं तर समोरच्याला दुसरंच काहीतरी विचारायची. सुमंत पुढं बँकेत लागला आणि सुट्ट्यांमध्ये डोंगर चढायला लागला. बरोबर लोकेश. लोकेश त्याचा शाळेपासूनचा मित्र, धारवाडजवळ बेलूरच्या एका कारखान्यात ताडपत्रीचे सांधे गरम करून चिकटवण्याचं काम करायचा. त्याचे वडील सत्याप्पा रेल्वेतून निवृत्त झालेले, दलित चळवळीतले जुने कार्यकर्ते, कमी बोलणारे.

पाठीवर बोट घेऊन चालणाऱ्या माणसांचा व्हिडिओ लोकेशनंच पहिल्यांदा पाहिला. हवा काढून घडी घातलेली बोट पिशवीत टाकायची, कोरड्या पात्रातून चालायचं, डोह आला की फुगवून वल्हवत पार व्हायचं, पुन्हा घडी, पुन्हा पाठीवर. तिला पॅकराफ्ट म्हणतात. विकतची परवडणारी नव्हती. लोकेशनं कापड मागवलं, घरी इस्त्रीनं सांधे जोडले आणि वर्षभरात दोन बोटी तयार केल्या. पहिल्या खेपेची उणकलच्या तळ्यात बुडाली. दुसऱ्या खेपेच्या दोन्ही टिकल्या.

त्या टिकल्या त्या दिवशी जयक्काही तळ्यावर आली होती. सुमंतनं आग्रह केला म्हणून ओढणी कमरेला खोचून बोटीत बसली. काठापासून बरीच आत जाऊन आली. येताना वल्हं तिच्या हातात होतं. उतरल्यावर सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं बोट उलटी करायला लावली आणि आत किती पाणी साचलं ते विचारलं. पण घरी परतताना रिक्षात ती कडेला बसली आणि तळं दिसेनासं होईपर्यंत मान वळवून बघत राहिली, हे प्रियानं नंतर मला सांगितलं. प्रिया म्हणजे सुमंतची बायको, धारवाडची, शाळेत शिकवणारी, सुमंत, लोकेश आणि ती अशा जाणाऱ्या तिघांत सगळ्यात चांगलं पोहणारी.

त्यांना जायचं होतं आंध्रात, रायलसीमेत. तिथल्या एका लहान नदीनं लाल दगड कापून खोल दरी केली आहे. पावसाळ्यानंतर नदी वाहायची थांबते. उरतात ते डोह आणि डोहांच्या मध्ये मैलोगणती तापलेले दगड. दरीत गाव नाही, मोबाइलची रेंज नाही, सावली फक्त सकाळी एका काठाला आणि संध्याकाळी दुसऱ्या. बोट तिथं चालते, पण डोहांचं पाणी पिता येत नाही. आटता आटता ते मचूळ होतं, आणि मचूळपणा गाळणीनं जात नाही. वरच्या पुलापाशी उतरायचं, चार दिवस आत राहायचं आणि खाली, जिथं दरी उघडते तिथं एका पडक्या दगडी मंडपापाशी बाहेर पडायचं.

सुमंतचं म्हणणं होतं की नकाशा पाहिला आहे, जाऊन बघू. जयक्का म्हणाली, जाऊन काय बघायचं ते आधी इथं बघू.

तेव्हापासून दोन महिने त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ती दरी होती. उपग्रहाच्या चित्रांचे कागद चिकटवून जयक्कानं टेबलभर लांब पट्टी केली होती. जेवायच्या वेळी गुंडाळायची, जेवण झालं की पुन्हा पसरायची. अप्पा, ऐंशीच्या पुढचे, चष्मा लावून त्यात मारुतीचं देऊळ शोधायचे. ती पेन्सिल घेऊन एकेका वळणावर थांबायची आणि विचारायची, इथं संध्याकाळ झाली तर? इथं बोट फाटली तर? हा डोह नसलाच तर? उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न यायचा, आणि नाही झालं तर? लोकेश त्याला उलटतपासणी म्हणायचा. यायच्या आधी फोन करून विचारायचा, आज कोर्ट भरणार आहे की सुट्टी.

सगळ्यात मोठं भांडण झालं पाण्याच्या वजनावरून. लिटरला किलो. बोट, तंबू, जेवण आणि वर पाणी, असं सगळं पाठीवर घेऊन तापलेल्या दगडांवरून चालायचं. सुमंतला निम्मं न्यायचं होतं. प्रिया मध्ये पडायला गेली आणि दोघांच्याही शिव्या खाऊन गप्प बसली.

"अक्का, आम्ही दरीत चाललोय की हुबळीचा टँकर घेऊन चाललोय?" सुमंत म्हणाला.

"हुबळीचा टँकर वेळेवर आला असता तर मी एवढं बोललेच नसते की," जयक्का म्हणाली आणि आकडा खोडला नाही.

शेवटी ठरलं ते असं. दोन दिवसांचं पाणी पाठीवर. दुसऱ्या संध्याकाळी उजव्या काठाच्या कड्याखाली एक झरा लागतो, तिथं कॅन भरून घ्यायचे आणि पुढच्या दोन दिवसांचं पाणी पाठीवर. झऱ्याजवळूनच धनगरांची एक वाट वर पठारावर चढते. मधल्या भागात बाहेर पडायला तेवढी एकच जागा. झऱ्याची खात्री जयक्कानं खालच्या गावातल्या ओबुलेसुकडून करून घेतली. ओबुलेसुची जीप होती, तो त्यांना मंडपापाशी न्यायला येणार होता. सीमेकडचा असल्यानं त्याला कन्नड यायचं. झरा शिवरात्रीपर्यंत आटत नाही, असं तो म्हणाला. त्याचे वडील म्हणायचे तेच तो म्हणाला. जयक्कानं टेबलावरच्या पट्टीवर तिथं निळं वर्तुळ काढलं आणि लिहिलं, ताजं पाणी.

जीपचा नियमही तिचाच. दोन वर्षांपूर्वी दांडेलीच्या जंगलात सुमंतची मंडळी आणि त्यांची गाडी एकमेकांना शोधत दिवसभर फिरली होती. ती गोष्ट ती विसरली नव्हती. म्हणून जीप मंडपापाशी येईल आणि काहीही झालं तरी जागेवरून हलणार नाही. आत असलेल्यांनी बाहेर यायचं, थांबलेल्यानं थांबायचं. ओबुलेसुला तिनं बजावलं होतं की उद्या मी घाबरून फोन केला, रडले, तरी हलायचं नाही. तो हसला होता. ती हसली नव्हती.

निघायच्या आधी प्रिया तिला म्हणाली, तुम्हीही चला. जागा आहे बोटीत. सुमंतही म्हणाला. जयक्का कोथिंबीर निवडत होती.

"अप्पांना कोण बघणार? आणि पाणी आलं तर?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, कुणी काही विचारलेलं नसताना, म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मला पाठ आहे सगळं."

बुधवारी रात्रीच्या बसनं ते बळ्ळारीकडं गेले. गुरुवारी सकाळी पुलावरून सुमंतचा फोन आला, उतरतोय म्हणून. नंतर रेंज नव्हती. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, ते आखलेलंच होतं. शुक्रवारी ऑफिसातून आल्यावर जयक्का टेबलापाशी उभी राहिली आणि पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, आत्ता झऱ्यापाशी असतील. शनिवारी बोट पुढं सरकलं.

रविवारी दुपारच्या आत फोन यायचा होता.

बारा वाजले तेव्हा जयक्का अप्पांना वाढत होती. एक वाजता ओबुलेसुचाच फोन आला. मंडपापाशी कुणी नाही. वारा उलटा असेल, बोट वल्हवायला वेळ लागत असेल, असं त्याचं म्हणणं. दोन वाजता तो पुन्हा तेच म्हणाला, पण आवाजात खात्री नव्हती. जयक्कानं तिथल्या पोलीस ठाण्याचा नंबर आधीच काढून ठेवला होता. तिथल्या माणसानं नीट ऐकून घेतलं, नावं लिहून घेतली आणि सांगितलं की दरीत उतरायचं तर सकाळ व्हायला हवी. सकाळी माणसं पाठवतो. तिनं आभार मानले. तिच्या आखणीतही सोमवारी सकाळीच शोध सुरू व्हायचा होता. तोपर्यंत काही करायचं नव्हतं.

तीनच्या सुमारास सत्याप्पा आले. लोकेशचा फोन लागत नाही म्हणून धारवाडहून बसनं आले होते. चपला काढून दारातल्या खुर्चीवर बसले. जयक्कानं त्यांना टेबलापाशी नेऊन पट्टी दाखवली, कुठून उतरले, कुठं असायला हवेत. ते लक्ष देऊन बघत होते. जीप इथं आहे ना, एवढंच त्यांनी मंडपावर बोट ठेवून विचारलं. आहे म्हटल्यावर पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले.  अप्पांनी दोनदा रेडिओ लावला आणि दोनदा बंद केला.

दुपार कलली आणि गल्लीच्या टोकाकडून हाक आली, "नीर बंत!"

पाणी आलं. माणूस कितीही काळजीत असो, आमच्याकडं त्या हाकेला उठावंच लागतं. पुन्हा आठ दिवस पाणी नाही. मी वरून आमच्या बादल्या घेऊन खाली आले. जयक्का आधीच मागच्या दारी होती.

आमच्या घरांमध्ये पाणी आलं की पहिलं काम भरायचं नसतं, ओतायचं असतं. पिण्याच्या कळशीत, घागरीत जे उरलेलं असतं ते शिळं. शिळ्यात ताजं मिसळायचं नाही. म्हणून नळाचा आवाज आला की आधी सगळ्या कळशा कढीपत्त्याच्या मुळाशी रित्या करायच्या, त्यातल्याच घोटभर पाण्यानं खळबळून घ्यायच्या आणि मग नळाखाली धरायच्या. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. हात आपोआप करतात. भर उन्हाळ्यात, दोन हंड्यांवर दिवस काढलेल्या घरातसुद्धा, नळ सुरू झाला की पहिली कळशी झाडाला जाते.

जयक्कानं कळशी तिरकी केली. पाण्याची धार मातीवर पडली. आणि मग ती धार थांबली. तिनं कळशी सरळ केली होती. ती तशीच उभी राहिली, अर्धी कळशी हातात घेऊन. मागं नळ वाहत होता. बादली भरून पाणी फरशीवर आलं, तिथून मोरीत गेलं. त्या घरात वाहता नळ कुणी तसाच सोडलेला मी कधी पाहिला नव्हता. मीच पुढं होऊन बादली बदलली.

"त्यांनी ओतलं असणार," ती म्हणाली.

मला कळलं नाही. ती कळशी घेऊनच आत गेली आणि टेबलावरच्या पट्टीवर, निळ्या वर्तुळापाशी ठेवली. कागद ओला झाला. सत्याप्पा उठून आले. अप्पांनी चष्मा लावला.

मग तिनं सांगितलं, जरा घाईनं, पण एकेक करून. शुक्रवारी संध्याकाळी ते झऱ्यापाशी पोचले. पाठीवर दोन दिवसांचं पाणी, उन्हात तापलेलं, प्लॅस्टिकचा वास लागलेलं. थोडं उरलेलं असणारच, कारण तिनंच जास्त न्यायला लावलं होतं. समोर कड्याखाली पाणी चमकताना दिसलं. आणि त्यांनी काय केलं असेल? कॅन उघडले, उरलेलं ओतलं, डोक्यावर घेतलं, कॅन खळबळून घेतले. मग भरायला गेले.

अप्पा म्हणाले, झऱ्याला पाणी नसतं तर दिसलं असतं की. आधी बघतील, मग ओततील.

"अप्पा, आपण बघतो का? नळाला धार किती आहे, किती वेळ येणार, बघतो आपण? आवाज आला की ओततो."

झऱ्याचं ओबुलेसुनं वडिलांचं ऐकूनच सांगितलं होतं, आणि झरा आटत आला असला तरी खाली खड्ड्यात पाणी दिसतं, ती म्हणाली. त्यात बकऱ्या लोळलेल्या असतात. वरून थेंब थेंब पडत असेल, त्यानं एक कॅन भरायला रात्र जाते. आणि तिथून खाली मंडपापर्यंत सगळं मचूळ. रिकाम्या कॅननी सुमंत प्रियाला घेऊन खाली जाणार नाही. तो धनगरांच्या वाटेनं वर जाईल. पण फेब्रुवारीत धनगर पठारावर नसतात, कापणी झालेल्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसवायला गेलेले असतात. वर माणूस नाही, पाणी नाही, रेंज नाही. आणि दोन दिवस झाले.

"त्यांना तिथं कुणी येईल असं वाटणारच नाही," ती म्हणाली. "मीच सांगितलंय, जीप हलणार नाही."

जीप एकच होती. पठारावर जायचं तर डोंगराला मोठा वळसा पडतो. ओबुलेसु तिथं गेला तर अंधार पडायच्या आत मंडपापाशी परत येणं शक्य नव्हतं. गावातल्या दुसऱ्या गाड्या कुठल्याशा लग्नाला गेल्या होत्या, ते त्यानं दुपारच्या फोनवरच सांगितलं होतं. मंडपात पाण्याचे कॅन ठेवून जाता आलं असतं. ती तसं म्हणालीही.

"आणि कुणाचा पाय मोडलेला असला तर?" सत्याप्पांनी विचारलं. "रांगत रांगत मंडपात आला आणि तिथं गाडी नाही. कॅन त्याला उचलून नेणार आहे का? माझा पोरगा तुमच्या शब्दावर आत गेलाय, अक्का. तुम्ही म्हणालात हलणार नाही म्हणून गेलाय. आता कळशी बघून हलवता?"

जयक्का ओल्या कागदावरचं पाणी ओढणीनं टिपत राहिली.   अप्पा म्हणाले की सकाळी पोलीस जाणारच आहेत, आपण आपल्या मनानं काही करू नये. सुमंत शहाणा आहे. तो असं पाणी ओतणार नाही.

मागच्या दारी नळाचा आवाज येतच होता.

सत्याप्पांनी कळशीत वाकून बघितलं. मग त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"आमच्याकडं पण ओततात," ते म्हणाले. "त्याची आई ओतायची. लोकेश लहान होता, कळशी उचलायची नाही त्याला, तर फरफटत दारात न्यायचा आणि लोळवायचा. पाणी आलं म्हणून नाचायचा." ते थांबले. "गेल्या उन्हाळ्यात मी त्याला म्हटलं, राहू दे रे अर्धी, वापरू. तर म्हणाला, काय अप्पा, शिळं पाणी पिणार का आता." मग ते जयक्काकडं न बघता म्हणाले, "करा फोन."

तिनं फोन केला. स्पीकरवर ठेवला, म्हणजे सत्याप्पांना ऐकू यावं. ओबुलेसु म्हणाला, नाही अम्मा. तुम्हीच सांगितलंय, रडून फोन केला तरी हलायचं नाही. मी हलणार नाही.

"मी रडत नाही," जयक्का कन्नडमध्ये म्हणाली. मग तिनं त्याला कळशीचं सांगितलं, की ताजं पाणी दिसलं की आमची माणसं जवळचं आधी ओतून देतात.  पलीकडून मंडपातल्या कबुतरांचा आवाज येत होता.

"ओतलं?" त्यानं विचारलं. "प्यायचं पाणी?"

"होय."

"चांगलं पाणी? जमिनीवर?"

"होय. आमच्याकडं ओततात."

 त्याच्या भागात महिनाभर साठवलेलं पाणीही कुणी ओतत नाही, हे त्यानं नंतर आम्हाला सांगितलं. त्याला ते खरं वाटेना, आणि खरं वाटेना म्हणूनच पटलं, कारण असलं काही माणूस बनवून सांगणार नाही. तेव्हा मात्र फक्त त्यानं जीप सुरू केल्याचा आवाज आला. कॅन मंडपात ठेवले, तो म्हणाला. वाटेतल्या गावातून माझा मेहुणा दोर घेऊन बरोबर येईल. आणि फोन बंद झाला.

त्यानंतरचा वेळ मला नीट सांगता येत नाही. पाणी भरून झालं. जयक्कानं सगळी पिंपं भरली, झाकणं लावली, फरशी पुसली. ओला झालेला नकाशा उचलून खिडकीत वाळत घातला. सत्याप्पा तिच्याबरोबर बादल्या उचलत होते, ती नको म्हणाली नाही. मध्येच ती हातातलं काम टाकून थांबायची आणि मनातल्या मनात ओठ हलवायची. आपण चुकलो असलो तर आत्ता कुणीतरी मंडपापाशी येत असेल, रिकाम्या वाटेकडं बघत असेल, हेच तिच्या डोक्यात होतं. ती तसं बोलली नाही. फक्त एकदा माझ्याकडं वळून विचारलं, मंडपात सावली असते ना ग संध्याकाळी? मला काय माहीत असणार. मी म्हटलं, असते.

दिवेलागणी होऊन बराच वेळ झाल्यावर फोन वाजला. रेंज लागेल इतकं खाली आल्यावर ओबुलेसुचा मेहुणा बोलत होता, तेलुगूतून, भराभर. जयक्काला अर्धंच कळत होतं. ती तीन, तीन, असं विचारत राहिली, बोटं दाखवत, जणू त्याला दिसणार होती. मग फोन ओबुलेसुनं घेतला. तिघंही सापडले. वाटेच्या मधल्या टप्प्यावर, एका कपारीच्या सावलीत, बोटींच्या पिशव्या उशाला घेऊन. प्रियाला चालता येत नव्हतं, ती अधूनमधून असंबद्ध बोलत होती. लोकेश तिला पाठीवर घेऊन अर्धी वाट चढला होता, त्याच्या दोन्ही तळव्यांची सालं गेली होती. सुमंत रात्री झऱ्यापाशी उतरून थेंबाखाली कॅन धरून बसायचा आणि पहाटे जे काही साचलं ते घेऊन वर यायचा. त्यावर त्यांनी दोन दिवस काढले होते. तिसरा निघाला नसता, असं तालुक्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सुमंतला सांगितलं.

जयक्का खाली बसली. जमिनीवर, टेबलाच्या पायाला टेकून. सत्याप्पांनी भिंतीकडं तोंड केलं आणि रुमाल डोळ्यांना लावला. अप्पांना ऐकू कमी येतं, त्यांना मी दोनदा ओरडून सांगितलं.

इस्पितळातून सुमंतचा फोन आला तेव्हा दहा वाजून गेले असावेत. प्रियाला सलाइन लावलं होतं, तिनं त्याला ओळखलं होतं. लोकेश आपल्या वडिलांशी बोलला, मोजकंच. मग सुमंत. त्याचा आवाज घोगरा होता, ओळखू येत नव्हता. तो सांगायला लागला की झऱ्यापाशी पोचल्यावर त्यांनी काय केलं, कॅन कसे उघडले, प्रियानं ओंजळीनं कसं तोंडावर मारून घेतलं, आणि तिथं तो अडकला. 

जयक्कानं त्याला ते पुरं करू दिलं नाही. डॉक्टर पुन्हा कधी येणार ते विचारलं, खोलीत पंखा आहे का ते विचारलं. ओबुलेसुला जेवल्याशिवाय जाऊ देऊ नका म्हणाली. मग, रोजच्या आवाजात, म्हणाली,

"आणि बोटी तशाच पिशवीत कोंबून ठेवू नका. उद्या सकाळी झटकून, वाळवून मग घडी घाला. वाळू राहिली की सांध्याला घासते."